डाव्या हाताला काम नसलेली गाडी

गाडीची मागची दांडी धरून पळणं हा माझा धंदा. बेळगावात बायकांना स्कूटर शिकवते. सुरुवात केली तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता, आता त्याच्या मुलीला मी बालवाडीत सोडते. एवढी वर्षं पळून मी कुठेही पोचलेली नाही, त्याच मैदानाला फेऱ्या मारल्या. गुडघे मात्र गेले. डॉक्टर म्हणाले, "पळणं बंद करा." मी म्हटलं, "आधी बायकांना पडणं बंद करायला सांगा." गेल्या वर्षापासून रोज सकाळी ठरवते की आता पुरे, आणि रोज कुणाची तरी सून हेल्मेट घेऊन दारात उभी असते.

या अंकाच्या संपादकांच्या पत्नीही माझ्याकडेच शिकल्या. शाळेच्या कंपाउंडला पडलेली भेग त्यांची आहे. त्यामुळे "शैलाबाई, तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटल्यावर नाही म्हणता आलं नाही. दोघांकडेही एकच गुपित असलं की माणसं फार सभ्यपणे वागतात.

बाहेरच्यांना वाटतं, शिकवायचं म्हणजे ॲक्सिलरेटर कुठला, ब्रेक कुठला ते सांगायचं. ते एका सकाळीत संपतं. शिकणारी बाई पुढच्या चाकाकडे बघते, आणि जिकडे नजर तिकडे गाडी. खड्ड्याकडे बघत "खड्डा, खड्डा" ओरडत सरळ खड्ड्यात. तिची नजर वर उचलायला आठवडा जातो. तोवर मी दांडी धरून पळते. तिचा तोल तिला सापडला की मी दांडी सोडते, पण पळणं सोडत नाही. माझ्या चपलांचा आवाज तिला मागून येत राहिला पाहिजे. आवाज थांबला की ती वळून बघते, आणि वळून बघितलं की पडते. म्हणजे माझं निम्मं आयुष्य नुसता आवाज काढण्यात गेलं.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एका घरातून सासू आणि सून दोघी आल्या, वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना कळू न देता. घरात स्कूटर एकच. आज तीवर सून जाते आणि सासू गेटपर्यंत "हळू जा गं" म्हणायला येते, एवढंच त्या सगळ्या राजकारणातून निष्पन्न झालं. एक निवृत्त कन्नड शिक्षिका होत्या. गाडी थांबवायची वेळ आली की ब्रेक दाबायच्या ऐवजी तिला "तडी, तडी" म्हणायच्या, म्हणजे थांब, थांब. वर्गातली पोरं तेवढ्यानं थांबायची, गाडीनं का थांबू नये, असा त्यांचा प्रामाणिक प्रश्न होता. आमच्या भागात कुठल्या भाषेत बोलावं यावरून माणसं अडून बसतात, पण 'ब्रेक' हा शब्द सगळ्यांना चालतो. मी तो इतका ओरडले आहे की घसा कायमचा बसला.

शेवटी मी एक शब्द देते. 'जमतंय.' तो देण्याआधी मी मागे बसते आणि बाजारातून एक चक्कर मारायला लावते. पुढचा माणूस घाबरलाय का, उगाच शहाणपणा करतोय का, ते मागे बसल्यावर त्याच्या पाठीवरून कळतं. मी 'जमतंय' म्हटलं की घरचे तो शब्द माझ्या नावावर धरतात. पुढे कित्येक दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला की आधी तिचंच नाव आठवतं. या धंद्यात दमायला होतं ते पळण्यानं नाही, या शब्दानं.

पुरुष माझ्याकडे येत नाहीत. त्यांना सगळं जन्मतः येत असतं. म्हणून महावीरचा फोन आला तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं की शिकायचंय कुणाला. महावीर निपाणीकडचा, नोकरीला बेळगावात. त्याची बायको माझ्याकडे शिकलेली. तो म्हणाला, "माझ्या मामाला. आणि स्कूटर न्हाय आक्का, मोटरसायकल. पर क्लच नसलेली."

त्याचे मामा म्हणजे बाळगोंडा आप्पा. निपाणी-चिकोडी रस्त्यालगत शेती, पूर्वी तंबाखूचा व्यापारही. तरुणपणापासून मोटरसायकलवर वाढलेला माणूस. काही वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये त्यांच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा आणि तळवा राहिला. तेव्हापासून ते कुणाच्या तरी मागे बसून फिरत होते. ज्यानं सगळ्या गावाला मागे बसवून नेलं, त्याला मागे बसणं किती जड जातं हे मला सांगायला नको. मी माणसांना पुढे बसवूनच पोट भरते.

आता जरा गाडीबद्दल. साध्या मोटरसायकलला क्लच डाव्या हातात. बोटंच नाहीत तर क्लच कसा दाबणार? मग स्कूटर का नको, असं मीही विचारलं, आणि विचारता विचारताच उत्तर सापडलं. स्कूटरचा मागचा ब्रेक डाव्या हातात असतो. महावीरनं आणलेल्या या गाडीत मागचा ब्रेक उजव्या पायाशी, पुढचा उजव्या हाताशी. क्लच आत दोन आहेत, पण ते गाडी स्वतः सांभाळते. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक गिअर कामावर असतो तेव्हा पुढचा चप्पल घालून दारात उभाच असतो. खालून बारीक 'टक' असा आवाज येतो, तेवढंच. डाव्या पायाखाली पेडल नाही, डाव्या हाताला काम नाही. हॉर्न आणि इंडिकेटरला अंगठा पुरतो.

निपाणीत त्यांच्या ओळखीच्या एका बंद वखारीचं फरशीचं अंगण होतं, तिथे मी आधी ती गाडी स्वतः चालवून बघितली. मी उंच आहे. ही उंची लग्नाच्या बाजारात अडचणीची ठरली होती, त्या दिवशी कामी आली. पाय टेकले. उजव्या अंगठ्यानं बटण दाबलं, गाडी चालीत आली, मूठ जराशी पिळली आणि निघाली, अगदी निमूट. पण वळायची वेळ आली तशी माझी डावी मूठ आपोआप आवळली आणि हातात हवा आली. वडिलांच्या मोटरसायकलवर शिकलेली सवय एवढ्या वर्षांनी जागी झाली. हळू वळताना आपण क्लच अर्धा दाबून गाडीला रांगवतो, इथे ते नाही. मागचा ब्रेक पायानं हलका दाबून ठेवायचा आणि मूठ तितकीच हलकी द्यायची. माझ्या चार फेऱ्या वाकड्या गेल्या. उतरले तेव्हा जुन्या तंबाखूच्या वासानं शिंका येत होत्या आणि आप्पा कठड्यावर बसून हसत होते.

"बाई, तुमाला बी जमंना व्हय?" ते म्हणाले.

"जमंल," मी म्हटलं. "तुमच्या आधी जमंल."

डॉक्टरचं आणि आरटीओचं काम रीतसर झाल्याशिवाय मी दांडी धरणार नाही, असं मी आधीच सांगितलं होतं. महावीरनं हेलपाटे घालून ते केलं. मग माझं बेळगाव ते निपाणी सुरू झालं. सकाळची बस, हायवेचा वारा, कुणाच्या तरी पिशवीतल्या कोंबड्या. शिकवून परत आले की जेवायच्या आधी झोप यायची.

आप्पांना शिकवायला काहीच नव्हतं, विसरायला फार होतं. नजर पहिल्यापासून लांब, पाठ सैल. पण थांबायची वेळ आली की त्यांचा डावा तळवा मुठीवर आकसायचा. नसलेली बोटं नसलेला क्लच दाबायची. गाडी काही त्यांचं ऐकायची नाही, पुढेच सरकायची, आणि ते दचकून उजवा ब्रेक करकचून दाबायचे. एकदा वखारीच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबले.

"बोटं गेली, पर त्यांची खोड गेली न्हाय," ते म्हणाले, आणि घाम पुसला.

हळूहळू ते सुटलं. पायाचा ब्रेक हलका धरून वळणं तर त्यांना माझ्यापेक्षा लवकर जमलं. एका सकाळी त्यांनी अंगणात इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी सफाईदार फेरी मारली आणि हॉर्न वाजवला, उगाचच, लहान मुलासारखा. मला बरं वाटलं. असं फार दिवसांनी वाटलं होतं.

त्याच दिवशी त्यांची बायको, पद्माक्का, माझ्यासाठी चहाचा थर्मास घेऊन आली. आप्पा नळावर तोंड धुवायला गेल्यावर ती माझ्याजवळ सरकली.

"बाई, एक मागू? त्यास्नी जमत न्हाय म्हणून सांगा."

"पण जमतंय की, आक्का."

"तुमी सांगितलं तर ते ऐकतील. माजं ऐकत न्हाईत." तिनं कपात चहा ओतला, तो बशीत सांडला. "मशीनचं बटन मी दाबलतं, बाई. कडबा अडकला म्हणून त्यांनी हात घातला हुता, आन् मी दाबलं. आता या गाडीवरनं काय झालं तर मी कुणाला तोंड दावू?"

मग हळूहळू बाकीचं सांगितलं. त्या दिवसापासून तिनं कुठल्याही यंत्राला हात लावलेला नाही. मिक्सर सून लावते, बोअरची मोटर गडी चालू करतो. घरात दिव्याचं बटण सोडलं तर ती काही दाबत नाही. मी बशीत सांडलेला चहा कपात परत ओतला. माझ्याकडे द्यायला एकच शब्द असतो, आणि तो खोटा देता येत नाही, हे तिला कसं सांगणार?

आप्पांना ही गाडी कशासाठी हवी होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या गावापासून थोड्या अंतरावर डोंगराच्या कुशीत बस्ती आहे, म्हणजे जैन मंदिर. पूर्वी दर पौर्णिमेला दोघं मोटरसायकलवरून तिथे जायची. अपघातानंतर पद्माक्का पुतण्याच्या मोटारीत मागे बसून जाते आणि आप्पा जातच नाहीत. "दुसऱ्यानं नेलेलं देवाला पोचत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. देवाला पोचत नसेल, पण पद्माक्काला ते बरोबर पोचायचं.

म्हणून शेवटची चक्कर मी बस्तीपर्यंत ठरवली. मी मागे, महावीर मोटार घेऊन पाठीमागे. आप्पांनी सुरेख चालवली. उसाच्या ट्रॉल्यांना घाई न करता जागा दिली, रस्त्यावर आलेल्या म्हशींपुढे थांबले, आणि थांबताना डावा तळवा हलला नाही. मी मनात 'जमतंय' म्हणून टाकलं.

बस्तीपुढे मोठी चढण आहे. सपाट जागा नाहीच. पायऱ्यांजवळ ते थांबले, मी उतरले. त्यांनी इंजिन बंद केलं, डाव्या पायानं हवेतच एक ठोका मारला, स्टँड लावला आणि उतरून पायऱ्यांकडे निघाले. आमच्याकडे बांधावर, चढणीवर मोटरसायकल अशीच लावतात. पहिल्या गिअरात टाकायची आणि सोडून द्यायची, गिअर तिला धरून ठेवतो. पण ही गाडी बंद झाली की तिचे दोन्ही क्लच सुटतात. मग ती कुणाचीच नसते.

ती मागे सरकायला लागली. मी सवयीनं "ब्रेक!" ओरडले. ऐकायला गाडीवर कुणी नव्हतं. स्टँड सुटला आणि एवढं मोठं धूड धाडकन आडवं झालं. महावीरची मोटार खाली दूर होती म्हणून निभावलं. आरसा फुटला.

आप्पा परत आले, तिघांनी मिळून गाडी उभी केली. "हिला गिअरात लावता येत न्हाय व्हय?"

अशा वेळेसाठी एक वेगळा ब्रेक असतो, हे मी त्यांना अंगणात सांगितलं होतं. सपाट फरशीवर तो कधी लागलाच नाही, आणि सांगितलेलं डोक्यात राहतं, पायात उतरत नाही. मी पुन्हा दाखवला. डाव्या मुठीपुढे एक दांडा आहे, तो बोटांनी ओढून अडकवायचा की चाक जखडतं. डाव्या मुठीपुढे. बोटांनी. ते दाखवत असताना माझाच आवाज पडत गेला.

गाडीवर बसून त्यांनी उजवा हात आडवा नेऊन ओढायचा प्रयत्न केला. तसं करताना हँडल वळायचं, तोल डावीकडे जायचा, आणि महावीरला धावत येऊन धरावं लागायचं. दोन-तीनदा झालं. महावीर म्हणाला, चाकामागं दगड लावू. पण दगड लावायला उतरावं लागणार, आणि उतरायला आधी गाडी थांबलेली असायला हवी.

"म्हणा आता," आप्पा मला म्हणाले. "जमत न्हाय म्हणा. लटकं कशाला?"

इतका थकलेला माणूस मी माझ्या धंद्यात पाहिला नव्हता. पडलेल्या बायका रडतात, चिडतात, गाडीला शिव्या देतात. हे नुसते फुटलेल्या आरशाचे तुकडे पायानं गोळा करत होते. पद्माक्कानं मागितलेलं वाक्य आता खरं झालं होतं आणि माझ्या जिभेवर तयार होतं. मी म्हटलं, "आज नको. परवा बोलू." आणि बसस्टँडवर सोडायला सांगितलं.

बसमध्ये माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. संकेश्वरला उतरताना आधी बायको उतरली आणि तिनं खालून पिशवी घेतली, मग तो उतरला. मी ते बघत राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मोटरसायकलवरही मागचा माणूस आधी उतरतो. डावीकडेच उतरतो. बस्तीपुढे मी उतरले तेव्हा तो दांडा माझ्यापासून हातभरही लांब नव्हता, आणि मी पदर नीट करत उभी होते.

तिसऱ्या दिवशी मी पद्माक्काला वखारीत बोलावून घेतलं आणि दोघांसमोर सांगितलं. "आप्पा, एकट्याला चढणीवर जमणार नाही. एकटे असाल तर सपाट जागा बघूनच थांबायचं. बस्तीला जायचं असेल तर मागच्या माणसानं उतरून हा ब्रेक ओढायला हवा. बाकी सगळं तुम्हाला येतं."

"मग महावीर बसंल मागं," आप्पा म्हणाले, पण बघत होते बायकोकडे.

पद्माक्का दोन पावलं मागे सरकली. "मी मशीनला हात लावत न्हाय."

"अगं, चालू कर म्हणून मीच वरडलतो. कितींदा सांगायचं?"

"वरडला तुमी. दाबलं कुणी?"

मी मध्ये पडले नाही. दांडी कधी धरायची ते मला कळतं, आणि कधी सोडायची तेही थोडंफार कळतं. मी गाडी स्टँडवर उभी केली, तो दांडा एकदा ओढून दाखवला, सोडून दाखवला, आणि चहा प्यायला निघून गेले. परत आले तेव्हा आप्पा कठड्यावर पाठ करून बसले होते आणि पद्माक्का गाडीजवळ उभी होती. दांड्याला तिनं हात लावला होता की नाही, मला ठाऊक नाही.

पौर्णिमेला मला बोलावणं आलं. मी महावीरच्या मोटारीत बसून मागून गेले. पुढे ती दोघं. पद्माक्का एका बाजूला पाय टाकून बसलेली, डोक्यावर नवं हेल्मेट, त्यावरून पदर घ्यायचा तिचा प्रयत्न चाललेला. माझ्या पायांना मोटारीत बसूनही पळाल्यासारखं होत होतं.

चढणीवर गाडी थांबली. पद्माक्का उतरली. आप्पांचा उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीवर. इंजिन चालू होतं. ती दांड्यासमोर उभी राहिली आणि तिथेच थिजली. मी मोटारीतून उतरले, पण जवळ गेले नाही. आप्पांचा ब्रेकवरचा पाय एव्हाना भरून आला असणार, तरी त्यांनी 'ओढ' म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "तुला वाटंल तवा."

तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला आणि ओढला. अडकल्याचा आवाज झाला. आप्पांनी इंजिन बंद केलं, हळूच पाय उचलला. गाडी हलली नाही. त्यांनी स्टँड लावला, उतरले. पद्माक्का तशीच. दोन्ही हात दांड्यावर, पांढरे पडलेले.

मी जवळ जाऊन म्हटलं, "आक्का, लागलाय ब्रेक. सोडा आता."

तिनं मान हलवली. "आदी त्यास्नी लांब हू द्या."

आप्पा चालत गेले. पहिली पायरी चढले, दुसरी चढले, आणि तिथे वळून उभे राहिले. मग तिनं एकेक बोट सोडलं. सगळ्यात शेवटी दोन्ही तळवे उचलले आणि गाडीकडे बघत राहिली. गाडी चढणीवर गप उभी होती.

"थांबली," ती मला म्हणाली. "बाई, माज्या हातानं थांबली."